परतीचा निरोप हरवला तर : अनेक सर्व्हरांवर चालणाऱ्या प्रणालीची आखणी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही घाऊक ऑर्डरी घेणारी प्रणाली उभारली, तेव्हा पहिल्याच हंगामात एका व्यापाऱ्याकडे ४० डझनांऐवजी ८० डझन टॉवेल रवाना झाले. त्याने मोबाइलवरून ऑर्डर दिली होती. पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, म्हणून त्याने बटण पुन्हा दाबले. पहिली ऑर्डर डेटाबेसात व्यवस्थित नोंदली गेली होती, हरवला होता तो फक्त परतीचा निरोप. म्हणून अशा प्रणालीची आखणी याच प्रश्नापासून सुरू करावी असे माझे ठाम मत आहे, कारण उत्तर आले नाही एवढ्यावरून काम झाले नाही असे कधीच म्हणता येत नाही.

यावरचा उपाय असा, की प्रत्येक ऑर्डरला मोबाइलवरच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि सर्व्हरने तो क्रमांक ऑर्डरसोबत, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही अशा व्यवहारात), युनिक बंधनासह, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदता येणार नाही अशा अटीसह, नोंदवावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी ऑर्डर न करता आधीचेच उत्तर परत पाठवावे. यात दोन चुका हमखास होतात. पहिली, क्रमांक बटण दाबताना तयार केला जातो. मग दुसऱ्यांदा दाबले की नवा क्रमांक निघतो आणि सगळा उपाय वाया जातो. तो ऑर्डरचा फॉर्म उघडतानाच तयार व्हायला हवा. दुसरी चूक म्हणजे आधी क्रमांक आहे का ते पाहायचे आणि मग वेगळ्या पायरीत नोंद करायची. एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्यांना ‘क्रमांक नाही’ असेच दिसते आणि दोन्ही नोंदल्या जातात. क्रमांक तोच पण डझनांची संख्या वेगळी असेल, तर ती विनंती स्पष्टपणे नाकारावी.

एवढे झाल्यावरच पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा द्यावी. सर्व्हरला केलेल्या प्रत्येक कॉलला टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, असावा, दोन प्रयत्नांमधील अंतर दर वेळी दुप्पट करावे आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा, म्हणजे सगळे मोबाइल एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. पुनर्प्रयत्न एकाच थरात, म्हणजे विनंती ज्या प्रोग्रामांतून पुढे जाते त्यांपैकी एकातच, ठेवावेत. एकाखाली एक असलेल्या तीन थरांनी प्रत्येकी ३ प्रयत्न केले, तर आधीच दमलेल्या डेटाबेसावर एका विनंतीच्या २७ विनंत्या जाऊन आदळतात.

माहितीच्या प्रती ठेवताना नोडांची, म्हणजे प्रती सांभाळणाऱ्या यंत्रांची, संख्या विषम घ्यावी, कारण नोंद पक्की व्हायला त्यांचे बहुमत लागते. ३ नोडांत बहुमत २ चे, म्हणून एक बंद पडला तरी चालते; ५ असतील तर दोन बंद पडले तरी चालते. ४ नोडांत मात्र बहुमताला ३ लागतात, त्यामुळे खर्च वाढूनही बंद पडणारा नोड एकच सोसतो. हे बहुमताचे गणित स्वतः लिहू नये. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राफ्ट या, नोडांमध्ये एकमत घडवणाऱ्या पद्धतीवर उभे असलेले, अनेकांनी वापरून पारखलेले साधन घ्यावे.

संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेला सिद्धान्त सांगतो, की नोडांमधील संपर्क तुटला असताना अचूकता आणि उपलब्धता या दोन्हींची हमी देता येत नाही. ही निवड साऱ्या प्रणालीसाठी एकदाच न करता माहितीच्या प्रकारानुसार करावी. चादरींची छायाचित्रे थोडी जुनी दिसली तर बिघडत नाही, परंतु गोदामातील शिल्लक खात्रीची नसेल तर ऑर्डर थांबवलेलीच बरी. प्रती मुंबई आणि हैदराबाद अशा दोन ठिकाणी ठेवल्या, तर सरळ रेषेतील सुमारे ६०० किलोमीटरसाठी प्रकाशाला फायबरमधून जाऊन येण्यास निदान ६ मिलिसेकंद लागतात, आणि दुसऱ्या ठिकाणच्या पोचपावतीसाठी थांबणारी प्रत्येक नोंद तेवढी रेंगाळते.

वेग मोजताना सरासरीवर विसंबू नये. एका पानासाठी २० सेवांना विचारावे लागत असेल आणि प्रत्येक सेवा १०० पैकी एकदाच रखडत असेल, तरी सुमारे १८ टक्के ग्राहकांना ते पान रखडलेलेच दिसते. सेकंदाला २०० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला पाव सेकंद लागत असेल, तर एका वेळी ५० विनंत्या आत असतात. तोच वेळ दोन सेकंदांवर गेला की ४०० होतात. म्हणून रांगेला मर्यादा घालावी आणि ती भरली की नव्या विनंतीला ताबडतोब ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असे सांगावे. दिवाळीपूर्वीच्या गर्दीत तासभर ताटकळण्यापेक्षा व्यापाऱ्याला असा स्पष्ट नकार परवडतो.

चाचणीसाठी गर्दी नसलेली दुपार निवडावी. बॅकअपमधून डेटाबेस नव्या यंत्रावर खरोखर उभा करून पाहावा आणि एक नोड मुद्दाम बंद करावा. शेवटी, ऑर्डर नोंदली गेल्यानंतर पण उत्तर निघण्याआधी सर्व्हरची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, मध्येच बंद पाडावी, त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा पाठवावी आणि ऑर्डरींच्या तक्त्यातील ओळी मोजाव्यात. ओळ एकच असली पाहिजे, आणि तिच्यात टॉवेल ४० डझनच असले पाहिजेत.