रविवारच्या गर्दीत मशीन बंद पडू नये म्हणून

लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या सलूनच्या गाळ्यात तीन खुर्च्या, केस कापायची सहा मशीन आणि आरशाखाली एकच स्विचबोर्ड. वायरींचा गुंता होणारच. सगळ्यात आधी अडॅप्टर वेगळे ओळखा. पिन सारखी दिसली तरी व्होल्ट वेगळे असतात, आणि चुकीचा लावला तर बॅटरी किंवा सर्किट जळू शकतं. प्रत्येक मशीनला आणि त्याच्याच अडॅप्टरला एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. एवढं केलंत तरी अर्धी कटकट मिटते.

लिथियम बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये दहा मिनिटं लावली तरी तिला चालतं. तिचा खरा शत्रू उष्णता. हाताला गरम लागणारं मशीन आधी निवू द्या, स्टीमरपासून लांब ठेवा.

मशीन चार्ज होईना तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका हो! पिनच्या खाचेत केसांचा बारीक भुगा बसलेला असतो. अडॅप्टर काढून कोरड्या टूथब्रशने झाडून बघा.

पावसाळ्यात पाती लवकर गंजतात. रात्री केस झाडायचे, दातांवर तेलाचे दोन थेंब, दहा सेकंद चालवायचं, मगच स्टँडवर. आणि वायरवालं एक मशीन खणात कायम तयार असू द्या.