अभ्याससहल नेणाऱ्याचं काम: खानदेशातल्या नव्या सोबत्यांसाठी

भूगोल, वनस्पतिशास्त्र, इतिहास किंवा मराठी घेऊन शिकलेली बरीच मुलंमुली हल्ली विचारतात, की ताई, शाळांच्या अभ्याससहली न्यायचं काम नेमकं कसं असतं, त्यावर घर चालतं का, आणि सुरुवात कुठून करायची. धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात मी हे काम करते. मला जे उमगलंय ते इथे मांडते.

आधी एक गोष्ट पक्की धरा. आपल्याकडे निसर्गाची सहल वेगळी आणि संस्कृतीची वेगळी असा भेद करायला जागाच नाही. नदीकडे नेलं की शेती येते, शेतीमागून गावकी येते, गावकीमागून श्रावणातल्या कानबाईचे रोट आणि आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके येतात. त्यामुळे 'आज पक्षी, उद्या मंदिर' असा कार्यक्रम आखू नका. एकच जागा निवडा आणि दिवसभर तिथे राहा. शाळा तुमच्या हातात यादी देईल: सकाळी लेणी, दुपारी किल्ला, संध्याकाळी वॉटर पार्क. अशा सहलीत मुलांचा दिवस गाडीतच जातो आणि वहीत फक्त गावांची नावं उतरतात. मुख्याध्यापकांशी बसून, चहा घेत, पण ठाम राहून ही यादी कमी करून घेणं हे तुमच्या कामाचं पहिलं कौशल्य आहे. त्यासाठी एका जागेत किती काय भरलेलं असतं ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

माझ्या सगळ्यात आवडीची जागा म्हणजे धुळ्याच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत. काही शतकांपासून चालत आलेली ही सिंचनाची रीत. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटातून फुटणाऱ्या लहान चाऱ्या, आणि खाली जमिनीचे मोठे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना मोबदला गावाने द्यायचा. पंपाची गरज नाही, उतारावरून पाणी आपोआप जातं. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि बोअर आले, तशी पुष्कळ ठिकाणी ही घडी विस्कटली. तरी बंधारे आणि पाट अजून दिसतात, आणि ते सांभाळलेली जुनी माणसं भेटतात.

मुलांना मी बंधाऱ्यावर उतरवते आणि तिथून थेट शेवटच्या शेतापर्यंत पाटाच्या कडेने चालवते. मध्ये भाषण करत नाही. पाटाच्या एका सरळ तुकड्यावर पन्नास पावलं मोजायची, वाळलेलं पान पाण्यात सोडायचं आणि ते किती वेळात पोचतं ते घड्याळावर बघायचं. बंधाऱ्याजवळ, मध्यावर आणि शेवटी, असं तीनदा. पाण्याचा वेग कुठे कमी झाला, का झाला, हे मग मुलंच वादावादी करून शोधतात. थंडीत पाटाच्या काठाने धोबी पक्षी शेपटी हलवत पळत असतो, त्याची नोंद आपोआप होते. एकदा एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने मुलांसमोर फावड्याच्या दोन घावांत चारीचं तोंड फोडलं, तीच माती पलीकडच्या चारीत दाबली, पायाने थापली आणि पाणी वळवलं. पाणी आधी मातकट झालं, कोरड्या ढेकळांत चुर्र आवाज करत शिरलं, मग हळूहळू निवळलं. सातवीतली एक मुलगी बराच वेळ खाली बसून बघत होती. तिने विचारलं, "बाबा, हाई पानी कोठे जास?" बाबांनी हात पश्चिमेकडे केला आणि सांगितलं, की वापरून उरतं ते पुन्हा नदीत, नदी मुडावदला तापीत, आणि तापी सुरतेपलीकडे समुद्रात.

त्या एका उत्तरात भूगोलाचा अख्खा धडा येतो. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहणारी, पश्चिमेला जाणारी आपली तापी. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, अनेर, सगळ्यांचं पाणी तीच घेऊन जाते. मुलाच्या गावची नदी कोणती आणि ती तापीला कुठे मिळते हे त्याला त्याच्याच बोटाने नकाशावर दाखवता आलं पाहिजे. सहलीआधी शाळेत जाऊन एवढा एक तास जरूर घ्या.

इतिहासासाठी माझी शिफारस पाटणादेवीची. चाळीसगावहून जवळ, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत. तिथल्या पाटण गावचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्याने इथे मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजाने त्याला दान दिलं. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला लावून दिल्याचं या लेखात जुन्या मराठीत नोंदवलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख जगापुढे आणला.

हे सगळं मी मुलांना उभं करून वाचून दाखवत नाही. आधी गणित करायला लावते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सावलीच्या गणिताचं वेगळं प्रकरण आहे. एक मीटरची काठी उभी रोवायची, तिची सावली मोजायची, मग मोकळ्या सपाट जागेतल्या एखाद्या झाडाची सावली मोजायची आणि त्रैराशिकाने उंची काढायची. तीन गट केले की तीन उत्तरं येतात, कारण सूर्य थांबत नाही आणि टेप ताणून धरायला कोणी तयार नसतं. मग पुन्हा मोजतात. आठशे वर्षांपूर्वी याच खोऱ्यात मुलं हेच शिकायला येत होती, हे त्यानंतर सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. शिलालेख बघायला मग ती स्वतःहून पुढे सरकतात.

पाटणादेवी असो की कुठलीही लेणी, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं, सगळं बंद. हे बसमधून उतरायच्या आधी सांगा, उतरल्यावर कोणी ऐकत नाही.

जंगलासाठी यावलचं अभयारण्य आणि पाल, किंवा शहादा-तोरणमाळचा पट्टा. इथे रानपिंगळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहू नका. १८७३ मध्ये या घुबडाचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर त्याचा खरा पुरावा कुठे मिळेना, तो नामशेष झाला असंच धरलं गेलं. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना पुढे चोरीचा आणि खोट्या नोंदीचा निघाला. संग्रहालयांतले जुने नमुने तपासून अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सागाच्या जंगलात त्यांना तो जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी, आपल्या खानदेशात! हा पिंगळा दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर बसून सरडे-पाली टिपतो, त्यामुळे मुलांना दिसण्याची आशा असते. पण मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. तो पक्षी आपली हद्द राखायला धावून येतो, शिकार आणि पिल्लं सोडून. दिसला नाही तर नाही दिसला. घुबड अशुभ असतं असं घरी ऐकलेली मुलं गटात असतातच. त्यांना गप्प करू नका, बोलू द्या. आजी काय सांगते ते वहीत लिहून घ्या आणि शेजारी पक्ष्याने काय खाल्लं ते लिहा.

वाटेवर सोबत पावरा किंवा भिल्ल समाजातला स्थानिक माणूस हवाच, आणि त्याला ठरलेला मोबदला हवा. जंगलात शिकवणारा तो, तुम्ही त्याचं बोलणं मुलांपर्यंत पोचवणारे. सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला मोठे गट नेण्याची मागणी वरचेवर येते. मी नेत नाही. तिथले बुध्या होणारे, म्हणजे अंग रंगवून होळीत नाचणारे, लोक कित्येक दिवसांचं व्रत पाळून येतात. ती त्यांची उपासना आहे. तुम्ही स्वतः जा, रात्रभर थांबा, विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, आणि शिकून या. चाळीस मुलांची रांग घेऊन जायची ती जागा नव्हे.

आता समुद्र. खानदेशातली शाळा दरवर्षी एकदा तरी कोकणाचं नाव काढते, आणि काढावंच. ज्या पोरांनी हतनूरच्या धरणापलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नाही, त्यांना समुद्र दाखवण्यासारखं दुसरं काही नाही. पण गाडी ठरवण्याआधी पंचांग उघडा. कोकणातल्या मच्छीमारांचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला ऐन दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीला ओहोटी दुपारी येते, पण ती भांगाची, पाणी फार मागे सरत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला चारी बाजूंनी पाणी. म्हणजे सहलीचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. मुलांनाच तिथी काढून तक्ता करायला लावा, मग किनाऱ्यावर वाळूत काठी रोवून पाणी किती सरकलं ते दर पंधरा मिनिटांनी बघा. चतुर्थीचा उपास घरी पाहिलेलं मूल त्या तिथीचा समुद्राशी असलेला संबंध तिथे स्वतःच्या डोळ्यांनी बघतं. स्थानिक कोळ्यांकडून वेळ पुन्हा पक्की करून घ्यायची, ठोकताळ्यावर मुलांचा जीव सोडायचा नाही. २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते योग्यच झालं. घोट्याच्या वर पाणी नाही, हा माझा नियम आहे आणि त्यात सूट कोणालाच नाही, शिक्षकांनाही नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं शाळेने घ्यायची, पण ती झाली का हे तुम्ही डोळ्यांनी बघायचं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी वेगळी. शालेय सहलीला एसटीत निम्म्या भाड्याची सवलत मिळते, गरीब शाळांना ती आवर्जून सांगा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून आपल्याकडचं ऊन मुलांना झेपत नाही. पूर्वपाहणीला जाल तेव्हा आधी मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा. ते नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. जेवण गावातल्या बचत गटाला सांगा: कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा. हिवाळ्यात भरिताची वांगी ऐन बहरात असतात, आणि चार पैसे गावात राहतात.

मुलं घरी अहिराणी, लेवा बोली, पावरी, भिल्ली बोलतात. त्यांची टिपणं त्याच बोलीत येऊ द्या. पुस्तकी मराठीत लिहायला लावलं की 'निसर्ग सुंदर होता' एवढंच येतं. आसोद्याला बहिणाबाईंच्या गावी नेलंत तर हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. शाळेत न गेलेल्या बाईने आपल्या बोलीत शेत आणि पाखरं कशी पाहिली ते मुलांना तिथे दिसतं.

तुमचा स्वतःचा अभ्यास चालू ठेवा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखित संग्रहालयात बसून वाचायची सवय लावा. मुंबईच्या बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, पक्षी आणि वनस्पतींचे अभ्यासक्रम उपयोगी पडतात. प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण तर हवंच. सुरुवातीला एखाद्या अनुभवी माणसाबरोबर मदतनीस म्हणून जा, मुलांची मोजदाद करा, बसमध्ये उलटी झालेल्या पोराला सांभाळा.

पैशाचं स्पष्ट सांगते: उत्पन्न हंगामी आहे. पहिली काही वर्षं शिकवणी, शेती, लिखाण किंवा सर्वेक्षणाचं काम जोडीला ठेवावं लागतं. फी मुलामागे न घेता दिवसामागे घ्या. मुलामागे घेतली की गट फुगवायचा मोह शाळेलाही होतो आणि तुम्हालाही, आणि पाटाच्या कडेला पस्तीस-चाळीसपेक्षा जास्त मुलं नीट बघू शकत नाहीत. पूर्वपाहणीचा खर्च वेगळा लावा आणि तो का लागतो ते लेखी द्या. या हिवाळ्यात काम सुरू करायचं असेल तर गणपती उठले की शाळांच्या भेटीगाठींना लागा. दिवाळीची सुटी संपेपर्यंत मुख्याध्यापकांच्या टेबलावर ट्रॅव्हल्सवाल्यांची पत्रकं येऊन पडलेली असतात.