एसीचा कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हणतात? पैसे मोजण्याआधी दुसरं मत कसं घ्यावं

एसी दुरुस्तीचा पाच आकडी खर्च ऐकला की लोक दुसऱ्या मेकॅनिकला फोन लावतात आणि विचारतात, “कॉम्प्रेसर बदलायचाय, किती घेणार?” हे दुसरं मत नाही, ही घासाघीस झाली. रोग पहिल्यानेच ठरवलेला असतो, दुसरा फक्त औषध दोन हजारांनी स्वस्त देतो. त्यावर “चार ठिकाणी विचारून बघा” असा सल्ला द्यायला तर अख्खी सोसायटी तयार असते. चार ठिकाणी काय विचारायचं, ते कोणी सांगत नाही.

मी बोलतेय ते घरातल्या एक ते दोन टनांच्या स्प्लिट एसीबद्दल. विंडो एसीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

१. वॉरंटी बघा

कॉम्प्रेसर म्हणजे बाहेरच्या युनिटमधला, गॅस दाबून फिरवणारा पंप. इन्व्हर्टर एसीच्या, म्हणजे ज्यात कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलतो त्या मशीनच्या, कॉम्प्रेसरवर बऱ्याच कंपन्या १० वर्षांची वॉरंटी देतात, पीसीबीवर (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) अनेकदा ५ वर्षांची. ती चालू असेल तर बाहेरच्या माणसाला एक स्क्रूही फिरवू देऊ नका. दुसरं मत हवं असेल तर कंपनीकडूनच दुसरा, वरिष्ठ टेक्निशियन मागा. तक्रार क्रमांक हातात असेल तर पाठवतात. कॉम्प्रेसर फुकट मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका. गॅस, वेल्डिंग आणि मजुरी बहुधा वेगळी लागते आणि बिल तिथेच फुगतं. कंपनीचा नंबर कार्डावरून किंवा मशीनवरच्या स्टिकरवरून घ्या. नेटवर शोधलेले ‘कस्टमर केअर’ नंबर कित्येकदा भलत्याच माणसाचे निघतात.

२. मशीन जागेवरच राहू द्या

“बोर्ड दुकानात नेऊन चेक करतो” याला माझा ठाम नकार असतो. बोर्ड गेला की तुमचा हात दगडाखाली. दुसरा माणूस आला तरी तपासणार काय? व्हिजिट चार्ज द्या, पावती घ्या, गोड बोलून निरोप द्या.

३. पहिल्याकडून आकडे लिहून घ्या

“कॉम्प्रेसर खराब” हा निष्कर्ष आहे. मला हवे असतात आकडे: कुठे मीटर लावला आणि किती आलं. गॅसचं प्रेशर किती, करंट किती अँपिअर, कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा छोटा पार्ट) किती मायक्रोफॅरड (त्याच्या क्षमतेचं माप) दाखवतो, एरर कोड कोणता. गेज, म्हणजे प्रेशर मोजायचं मीटर, लावलेला असतानाच मोबाइलवर फोटो काढा. खरोखर मोजलेलं असेल तर कोणी हरकत घेत नाही. जो म्हणतो, “ताई, वीस वर्षांचा अनुभव आहे, आवाजावरून कळतं”, त्याला तिथेच रामराम.

४. दुसऱ्याला बोलवा, पण निदान सांगू नका

सगळी गोम इथे आहे. दुसरा मेकॅनिक दारात आला की घरातलं कोणीतरी उत्साहाने सांगून टाकतंच, “आधीचे म्हणाले कॉम्प्रेसर गेलाय.” झालं! तो मग कॉम्प्रेसरच बघतो, आणि बरेचदा तेच सांगतो. कधी खरं असतं म्हणून, कधी मोठं काम चालून आलं म्हणून. तुम्ही फक्त लक्षणं सांगा: थंड होत नाही, दहा मिनिटांनी बाहेरचं युनिट बंद पडतं, पाइपवर बर्फ धरतो. पहिल्याचे आकडे खिशात ठेवा, त्याने स्वतः मोजल्यावर काढा.

माणूस निवडताना पहिल्यानेच सुचवलेला ‘ओळखीचा’ नको. आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला, स्वतःचं दुकान असलेला आणि “तपासून सांगायचे वेगळे पैसे घेईन” असं सरळ म्हणणारा मला चालतो. फुकट तपासणाऱ्याला काम काढावंच लागतं.

तो मोजत असताना शेजारी उभं राहायचं. काय बघायचं ते ‘काय गेलं’ यावर ठरतं.

गॅस संपला म्हणत असतील तर आधी हे पक्कं करा की गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो; कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा तुम्हाला पुढच्या उन्हाळ्याचं निमंत्रण देऊन जातो. दुसरी गोष्ट, फिल्टर आणि इनडोअर कॉइल धुळीने माखलेली असेल तरीही प्रेशर कमी दिसतं आणि पाइपवर बर्फ धरतो. त्यामुळे आधी सर्व्हिसिंग, मग गॅस. हा क्रम मी कोणालाही उलटा करू देत नाही. तिसरं, गॅस कुठला आहे ते बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर वाचा. आर-२२ वर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये एसी चालू असताना ६०-७० पीएसआय (प्रेशरचं माप) ठीक असतं; आर-३२ मध्ये साधारण ११० ते १४० लागतं, सर्व्हिसिंगनंतरही ७० आलं तर गॅस बहुधा कमी. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसं प्रेशरही बदलतं, म्हणून रिमोटवर सर्वांत कमी तापमान लावून पंधराएक मिनिटं चालवल्याशिवाय घेतलेला आकडा धरू नका.

गळती शोधायची तर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा. सुरुवात फ्लेअर नटांपासून, म्हणजे तांब्याच्या नळ्या युनिटला जोडणाऱ्या नटांपासून, कारण बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते आणि नट नीट बसवून काम भागतं. जॉइंटभोवती तेलकट डाग दिसला तर अर्धा शोध लागलाच. हे न करता “आतली कॉइल गेली, नवीन टाका” असं कोणी म्हणालं तर कॉइलवर फेस कुठे फुगतो ते दाखवायला सांगा. नाल्याजवळच्या किंवा समुद्रकाठच्या घरांत तांब्याची कॉइल खरंच लवकर सडते, ते नाकारत नाही. पण फुगा दिसलाच पाहिजे.

आता कॉम्प्रेसर. इथे सर्वांत जास्त फसगत होते, आणि फसवणारा प्रत्येक वेळी लबाडच असतो असंही नाही. साध्या, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला तीन टर्मिनल असतात: सी (कॉमन), एस (स्टार्ट) आणि आर (रन). मल्टीमीटरवर सी-एस आणि सी-आर यांच्या ओहमची बेरीज एस-आरच्या ओहमइतकी आली की वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, शाबूत. कुठलंही टर्मिनल आणि कॉम्प्रेसरचं धातूचं अंग यांच्यात रीडिंग आलं तर शॉर्ट, मग वाद संपला.

मधली अवस्था मात्र घोटाळ्याची. सी-एस उघडं (ओपन, म्हणजे मीटरवर काहीच येत नाही), सी-आर उघडं, पण एस-आरमध्ये रीडिंग येतंय. याचा अर्थ बरेचदा इतकाच की कॉम्प्रेसर तापलाय आणि त्याच्या पोटातल्या ओव्हरलोडने, म्हणजे तापल्यावर आपोआप बंद करणाऱ्या स्विचने, सर्किट तोडलंय. निवला की आपोआप जोडतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मे महिन्यात, पश्चिमेच्या ड्राय बाल्कनीत, दुपारी तीनला मेकॅनिकने सी-आरवर मीटर लावला. काही दाखवेना. “काकू, कॉम्प्रेसर ओपन आहे, बदलावा लागेल.” कॉम्प्रेसरवर हात ठेवला तर चटका बसत होता. मी म्हटलं, “दादा, एस-आर बघा ना एकदा.” तिथे आकडा आला. मेन स्विच बंद करून ठेवला, रात्री दुसऱ्या माणसाने मोजलं तेव्हा तिन्ही आकडे आले आणि बेरीजही जुळली. खरा दोषी होता बाहेरच्या युनिटचा पंखा. त्याची मोटर अडकत होती, म्हणून उष्णता बाहेर पडत नव्हती. मोटर बदलली, कॉम्प्रेसर तोच राहिला.

तेव्हा कॉम्प्रेसरचं मोजमाप तो पूर्ण निवल्यावरच करून घ्या, तीन-चार तासांनी किंवा सकाळी. मोजण्याआधी वीज एमसीबीवरून बंद हवी आणि कपॅसिटर डिस्चार्ज केलेला हवा. हे काम स्वतः करू नका, वीज बंद केल्यावरही कपॅसिटर जोरदार झटका देतो. कॉम्प्रेसर नुसता गुरगुरून बंद पडत असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्यायचा. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा आणि मीटरवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. पार्ट काही शे रुपयांचा असतो. इन्व्हर्टर मशीनच्या कॉम्प्रेसरला यू, व्ही, डब्ल्यू अशी टर्मिनल असतात. तिथे तिन्ही जोड्यांचं रीडिंग सारखं यायला हवं.

बोर्ड गेला म्हणाले तर आधी इनडोअर आणि आउटडोअर जोडणारी वायर टोकापासून टोकापर्यंत बघायला लावा. उंदराने कुरतडलेली वायर आणि जळलेला बोर्ड हुबेहूब एकच एरर कोड देऊ शकतात. बोर्डावर पाल चिकटून मेलेली सापडणं हेही आपल्याकडे नेहमीचंच. फ्यूज, व्हॅरिस्टर किंवा रिले असा बोर्डावरचा एखादा छोटा भाग उडाला असेल तर बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर शहरात असतात. नवीन बोर्डाआधी त्यांना विचारा. तेव्हा बोर्ड बाहेर जाईल, पण त्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढूनच.

५. दोन मतं जुळली नाहीत तर

तिसरा माणूस बोलवू नका, गोंधळ वाढतो. दुसऱ्याने मोजलेले आकडे पहिल्याला फोनवर सांगा आणि कारण विचारा. ज्याच्याकडे उत्तर म्हणून आकडा येतो त्याचं ऐका. आवाज चढवणाऱ्याचं नको.

आकडे जुळले आणि खर्च खराच निघाला, तर माझा हिशोब साधा आहे: मशीन आठ वर्षांपुढचं आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्याला पोचत असेल तर नवीन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेवढंही गणितात धरा.

६. काम करून घेताना

व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा काढल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. गॅस वजनकाट्यावर मोजूनच. किती ग्रॅम ते स्टिकरवर छापलेलं असतं. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे वेल्डिंगच्या वेळी नळीत गॅस नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. जुना पार्ट मागून घ्या. बिलावर पार्टचा सिरीयल नंबर, गॅसचं वजन आणि कामाची वॉरंटी हाताने का होईना लिहून घ्या. तेवढं असलं की उद्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करायची वेळ आलीच तर सांगायला काहीतरी हातात असतं.