कथक आणि फ्लामेंको: पहिल्या तालमीला बसताना

फ्लामेंको या स्पॅनिश नृत्याच्या नर्तकीसोबत कार्यक्रम ठरला की माझ्या वर्गातल्या मुली आधी पोशाखांचे रंग जुळवायला लागतात. माझं सांगणं एकच: पहिल्या दिवशी घुंगरू पिशवीतच राहू द्या. समोरासमोर बसा आणि हातावर ताल धरा.

ताल बारा मात्रांचा एकताल घ्या. तीनताल आपल्या अंगात मुरलेला असतो हे खरं, पण फ्लामेंकोतल्या सोलेआ या प्रकाराचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, बारा मात्रांचं असतं. सोळा मात्रांत ती पाहुणी होईल, बारात दोघी घरच्या. फरक आहे तो वजनाचा, म्हणजे जोर कुठे पडतो त्याचा. आपला सगळा ओढा समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे. तिचं वजन ३, ६, ८, १० आणि १२ वर पडतं आणि तुकडा बहुधा १० वर मिटतो. हे कागदावर समजून भागत नाही, म्हणून बराच वेळ नुसत्या तिच्या टाळ्या ऐका. त्यांना पाल्मास म्हणतात. तळवे खोलगट करून दिलेल्या टाळ्या मंद वाजतात, बोटांच्या खणखणीत. पढंतीच्या, म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याच्या, वेळी मंद टाळ्या मागा, नाहीतर बोल बुडतात. तुम्ही ‘धिं धिं धागे तिरकिट’ म्हणत राहा, तिला वजनं दाखवू द्या. मग अदलाबदल करा. तिची जीभ ‘तिरकिट’ला अडखळेल, तुमचा हात ८ वर चुकेल. दोन्ही बसेपर्यंत उभं राहायचं नाही.

आता तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून ठरलेल्या मात्रेवर संपवायचा बोल. अगदी साधी घ्या: ‘ता थै तत्’ तीन मात्रा, मग दोन मात्रा दम (विराम), असं तीनदा. पहिल्या मात्रेवर उचललीत तर ‘तत्’ येतो ३ वर, ८ वर आणि पुढच्या समेवर. यातले ३ आणि ८ तिच्याही वजनाचे! इथे तिचा चेहरा उजळतो, मी दरवेळी पाहिलंय. पण सम तिच्यासाठी रिकामीच राहते. म्हणून तीच तिहाई १० वरून उचलून पाहा. पहिला ‘तत्’ १२ वर, दुसरा ५ वर आणि शेवटचा बरोबर १० वर, जिथे तिचा पाय आपटायचाच असतो. बोल तोच, हिशेबही तोच, फक्त उचल बदलली. सम सोडून दुसऱ्या मात्रेवर येणं आपल्या कानाला सुरुवातीला खटकतं, तरी मी तोच शेवट ठेवते, कारण त्यात दोघींनी एकमेकींकडे यायला थोडं थोडं चाललेलं असतं.

कार्यक्रमपत्रिकेत ‘कथकातून फ्लामेंको जन्मला’ असं मात्र लिहू नका. फ्लामेंकोशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या रोमा (जिप्सी) लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले आणि १४२५ मध्ये त्यांची स्पेनमध्ये नोंद झाली, हे खरं. पण फ्लामेंकोला आजचं रूप आलं दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. लखनौ-जयपूरच्या दरबारांत कथक घडत होतं तेही साधारण त्याच सुमारास. रोमांचा प्रवास लिहा, तो पुरेसा मोठा आहे. आंदालुसियाच्या लोकांची कला आपल्या नावावर लावून घेऊ नका.

पट्टी लवकर कळवा. गायिका काळी एकमध्ये गाणार असेल तर गिटारवाल्याला ‘सी शार्प’ सांगा, तो गिटारच्या मानेवर चाप लावून जुळवून घेतो.

रंगमंच लाकडीच हवा, तिच्या बुटांच्या टाचांना आणि टोकांना खिळे असतात. त्यांनी फळ्यांच्या ढलप्या निघतात आणि आपण अनवाणी, तेव्हा तिची बाजू आणि आपली बाजू चिकटपट्टीने आखून घ्या. जमिनीजवळचे माइकही वेगवेगळे ठेवा, तिचा आवाज कमी आणि घुंगरांचा जास्त. शेवटच्या तिहाईला प्रेक्षकांकडे पाहू नका, अर्धं वळून एकमेकींकडे तोंड करा. दमाच्या दोन मात्रांत तिचा खांदा दिसला पाहिजे, तबला आणि गिटार एकदम थांबले तरी १० चुकत नाही.