भाड्यासाठी पहिला फ्लॅट घेताय? या चुका टाळा

दर महिन्याला कोणीतरी विचारतं, एक टू बीएचके घेऊन टाकू का, भाड्यात हप्ता निघेल ना? नाही निघणार. हे एकदा कागदावर मांडून बघा मग पुढचं बोलू.

पुण्याचं उदाहरण घेऊ, उंड्रीकडचा ६५ लाखांचा फ्लॅट, भाडं २२ हजार. लोक काय करतात, २२ गुणिले १२ म्हणजे २ लाख ६४ हजार, भागिले ६५ लाख, चार टक्के आले, वर फ्लॅटची किंमत वाढणारच, झाला हिशोब! अहो पण फ्लॅट ६५ ला पडतच नाही. ७ टक्के स्टॅम्प ड्युटी (बाईंच्या एकटीच्या नावावर घेतला तर ६), ३० हजार रजिस्ट्रेशन, म्हणजे सत्तरच्या घरात गेलात, आणि अंडर कन्स्ट्रक्शन असेल तर वर जीएसटी. आता भाड्याची बाजू. वर्षात एक महिना रिकामा जातोच असं मी धरतो, म्हणजे ११ महिन्यांचे २ लाख ४२ हजार. त्यातून एजंटचं एक महिन्याचं भाडं २२ हजार, मेंटेनन्स साडेतीन हजाराने ४२ हजार, प्रॉपर्टी टॅक्स आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून २८ हजार धरा. हातात राहिले दीड लाख. सत्तर लाखांवर दीड लाख म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्केसुद्धा नाही! आणि ५० लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता ४३ हजारांच्या वर. दर महिन्याला पगारातून तीस हजार टाकायची तयारी आहे का, पुढची कित्येक वर्षं, हा खरा प्रश्न. असेल तर जरूर घ्या, मी स्वतः भाड्याच्या फ्लॅटच्या बाजूचा माणूस आहे. पण "भाड्यात हप्ता निघतो" सांगणारा सेल्सवाला समोर असेल तर चहा पिऊन उठा.

टॅक्सचंही तेच. "व्याजाचा फायदा मिळतो" एवढं ऐकून लोक उडी मारतात. भाड्यातून प्रॉपर्टी टॅक्स वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते हे खरं, पण नव्या टॅक्स रिजीममध्ये घराचा तोटा (म्हणजे भाड्यापेक्षा लोनचं व्याज जास्त गेलं तर दिसणारा) पगारातून वजा करता येत नाही. आधी सीएला विचारा, मग बुकिंगचा चेक फाडा.

आता माझा सगळ्यात डोक्यात जाणारा विषय. अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर कशाला, नोटरी पुरे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, त्यात लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांची सूट वगैरे काही नाही, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण शिक्षेपेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे, नोंदणीकृत करार नसला तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. सिंहगड रोडला फ्लॅट, भाडेकरू सज्जन, एजंटने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार टाईप करून नोटरीचा शिक्का मारून आणला, आधारची झेरॉक्स जोडली, झालं काम. करार संपला तरी माणूस राहिला, भाडं येत होतं म्हणून भाऊही गप्प. मग मावशी-काकांना गावाहून आणायचं ठरलं, फ्लॅट खाली करा म्हटलं तर तो म्हणाला आपलं तीन वर्षांचं ठरलेलं, आणि डिपॉझिट पन्नास नाही एक लाख दिलंय, अर्धं कॅश! कॅशची पावती कोणाकडेच नाही. वकिलाने कागद बघून मान हलवली. शेवटी एक लाख हातावर ठेवले तेव्हा किल्ली मिळाली. रजिस्टर करार असता तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली फ्लॅट खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) सरळ अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याकडून दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते.

आणि वाचवले किती? २२ हजार भाड्याला अकरा महिन्यांची स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्क्याने सहाशे-साडेसहाशे रुपये, शहरात नोंदणी फी हजार. ऑनलाईन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. मी डिपॉझिट फक्त बँकेतून घेतो, आणि करार संपायच्या दीड महिना आधीचा रिमाइंडर मोबाईलमध्ये लावतो, नवा करार झाल्याशिवाय पुढचा महिना नाही म्हणजे नाही, माणूस कितीही चांगला असो.

बाकीच्या थोडक्यात. भोगवटा पत्र (ओसी, इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) न बघता फ्लॅट घेऊ नका, "येतंय, प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर नाही. स्वस्त दिसणाऱ्या सोसायटीत वॉचमनला विचारा उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात, मेंटेनन्सचा खरा आकडा तिथे कळतो. पुणे मनपाची प्रॉपर्टी टॅक्समधली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांना आहे, भाड्याने दिलात की ती धरू नका. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा पैसे मागत असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, ठणकावून सांगा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या, ऑनलाईन होते. आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार-पाच लाखांचं इंटिरिअर करू नका. पंखे, गीझर, किचन ट्रॉली, खिडक्यांना जाळ्या, बास. भाडं त्यावरच ठरतं, फॉल्स सीलिंगवर नाही.