हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलतानाच का कलंडतं? या चुका टाळा

कोकणात तात्पुरतं हेलिपॅड बहुधा शाळेच्या मैदानात, कापणी झालेल्या शेतात नाहीतर जांभ्याच्या सड्यावर असतं. चुन्याचा गोल आखला, मधे ‘एच’ काढला की झालं, असं धरून चालतात. पहिली चूक तिथेच होते. स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरच्या खालच्या दोन आडव्या दांड्या, जिथे टेकणार ती जागा वाकून, हाताने चाचपून बघा. कातळाची उभी कड, भाताची धसकटं, पहिल्या पावसानंतरची चिकट लाल माती, यातलं काहीही एका स्किडला धरून ठेवू शकतं.

अडकलेली स्किड मग बिजागरीसारखी वागते. वरून रोटर (फिरती पाती) खेचतो आणि अख्खं यंत्र त्या स्किडभोवती फिरायला लागतं. साधारण 5 ते 8 अंशांपुढे कलतं गेलं की सायक्लिक (हेलिकॉप्टर कुठल्या बाजूला झुकावं ते ठरवणारा दांडा) उलट्या बाजूला पूर्ण दाबूनही ते सावरत नाही. बहुतेकांचा घात करते ती पुढची चूक: ‘सुटेल आता’ म्हणून कलेक्टिव्ह (वर ओढला की हेलिकॉप्टर उचलणारा दांडा) आणखी ओढणं. त्याने कलंडणं वाढतंच. कलेक्टिव्ह खाली घ्या, पण सावकाश. झटक्यात सोडलात तर हेलिकॉप्टर दुसऱ्या स्किडवर आपटून तिकडे उलटू शकतं. वरून पाहता रोटर घड्याळाच्या उलट फिरत असेल, तर उजवी स्किड अडकलेली आणि वारा डावीकडून, ही जोडी सर्वांत वाईट. म्हणून स्किडवरचा भार हलका झाला की क्षणभर थांबायचं, दोन्ही मोकळ्या आहेत याची खात्री करायची आणि मगच उचलायचं.

‘आपण समुद्रसपाटीला आहोत, ताकदीची काय चिंता?’ हा समजही सोडा. 33 अंश तापमानाला किनाऱ्यावरची हवा सुमारे 2,100 फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ वागते. दमटपणा त्यात भर घालतो. जमिनीलगतच्या हवेचा आधार साधारण रोटरच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत मिळतो, आर-44 या हलक्या हेलिकॉप्टरला म्हणजे 10 मीटर. माडांच्या शेंड्यांवर जाताना तो संपलेला असतो. किती ताकद शिल्लक आहे ते आधी मीटरभर उंचीवर हॉवर करून (जागच्या जागी तरंगत ठेवून) बघा. कमी दिसली तर उतरा आणि वजन कमी करा. सकाळी मतलई वाऱ्यावर ठरवलेली उड्डाणाची दिशा दुपारी खारा वारा सुटल्यावर पाठवाऱ्याची होते, त्यामुळे निघताना विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पुन्हा बघायलाच हवा.

अपघात झालाच तर माणसं बाहेर काढा, आग विझवा, पण रोटर पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका. त्यानंतर मात्र सांगाडा सरळ करून ठेवायची घाई नको. हलक्या हेलिकॉप्टरांत ब्लॅक बॉक्स (उड्डाणाची नोंद ठेवणारं यंत्र) सहसा नसतो. एएआयबीच्या (विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तपास अधिकाऱ्यांना जमीनच वाचावी लागते. एकाच स्किडपाशी खोल, आखूड, वळलेला ओरखडा असेल तर ते जागच्या जागी कलंडल्याचं लक्षण; दोन लांब समांतर चरे असतील तर यंत्र पुढे सरकत होतं. पाऊस येण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्हींचे फोटो घ्या. मोबाइलवरचा व्हिडिओ फॉरवर्ड केला की दर्जा उतरतो, म्हणून मूळ फाइल जपा. ज्या पिंपातून इंधन भरलं तेही सील करून ठेवा.