किट बसवलेली जुनी चेतक: पार्ट बसवणं आणि पहिली किक

कोल्हापुरात जुन्या स्कूटरींचं वेड परत लई वाढलंय. घरामागं ताडपत्रीखाली पडून असलेल्या चेतक, सुपर, एलएमएल वेस्पा रंगून परत रस्त्यावर यायला लागल्यात, आणि नुसती चालू होऊन भागत नाही, जरा पळाली पण पाहिजे असं सगळ्यांना वाटतंय, मग किट, म्हणजे मोठ्या मापाचा सिलेंडर-पिस्टनचा जोड, मागवायचं, सकाळी बसवायचं, संध्याकाळी थेट पन्हाळा गाठायचा, आणि वाघबीळच्या पुढं चढाला पिस्टन जाम. किट चांगलं असतं, मिस्त्रीचा हात पण चांगला असतो, फक्त मोजमाप कुणी केलेलं नसतं. म्हणून पहिल्या किकच्या आधी काय काय मोजायचं ते सांगतो.

आधी खालचं इंजिन बघा. चेतक १४५.४५ सीसी, बोअर म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास ५७ मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल पण ५७. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ६३ केला की १७७ सीसी होतंय, डीआर आणि पोलिनी या इटालियन कंपन्यांचे बिडाचे सिलेंडर याच मापाचे. आता वाढलेला सगळा जोर क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या खालच्या दांड्यावर, येणार. सिलेंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा, जरा जरी खटखट लागली तर किट बाजूला ठेवायचं आणि पहिला क्रँक करून घ्यायचा. आडवं थोडं हलतंच, त्याला घाबरू नका. दोन्ही ऑइल सील नवीन टाका. मॅग्नेट (फ्लायव्हीलचं चाक) साईडचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रेस आपोआप चढते, क्लच साईडचं गेलं की गिअर ऑइल जळायला लागतं, पांढरा धूर थांबत नाही. त्या गिअरबॉक्समध्ये ऑइल असतंच किती, २५० मिली एसएई ३०, त्यामुळं गळती लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

मग पोर्ट. हे किट मूळ वेस्पा पीएक्ससाठी बनलेले, तीन ट्रान्स्फर पोर्टचे (पेट्रोल-हवा खालून सिलेंडरमध्ये नेणाऱ्या वाटा), आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या इंजिनांचे केस, म्हणजे खालचं ॲल्युमिनियमचं खोकं, दोनच पोर्टचे. बघायची सोपी रीत सांगतो. किटचं बेस गॅस्केट केसवर ठेवा, स्टडमध्ये नीट बसवा आणि बारीक मार्करनं पोर्टची आतली कड उमटवा. गॅस्केट उचललं की केसचं ॲल्युमिनियम किती आत येतंय ते डोळ्यानं दिसतं. एखाद-दोन मिमी आत येत असेल तर तसंच बसवलं तरी गाडी चालते, थोडी ताकद कमी मिळेल एवढंच. घासायचंच असेल तर इंजिन पूर्ण खोलून, क्रँक-बेअरिंग बाहेर काढून घासायचं, क्रँक आत असताना ग्राइंडर लावायचाच नाही. आणि रोटरी पॅडला, म्हणजे कार्बोरेटरच्या खाली क्रँकला लागून असलेल्या केसच्या गुळगुळीत भागाला, हात लावायचा नाही. या इंजिनात पेट्रोल-हवा आत कधी सोडायची ते क्रँकची गोल कडच ठरवते, कड आणि पॅड यांच्यात फट एवढी बारीक असते की मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते. तिथं एक ओरखडा पडला की कार्बोरेटरकडं उलटा फवारा मारतो आणि केस वाया.

किट न घेता जुनाच सिलेंडर बोअर करून घेणार असाल तर आपल्या गावासारखं गाव नाही, शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगचं काम करणारे मुरलेले लोक आहेत. फक्त पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊनच बोअर करून घ्या. नुसता ओव्हरसाईज नंबर सांगून सिलेंडर टाकून यायचं नाही, कारण दोन पिस्टनमध्ये पण फरक असतो. परत आल्यावर पोर्टच्या कडा बोटानं चाचपा, धार लागत असेल तर बारीक एमरीनं मोडून घ्या, नाहीतर त्या धारेत रिंग अडकते. नंतर साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचं आणि लगेच तेल पुसायचं, बीड लगेच गंजतं.

रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी नुसती सिलेंडरमध्ये सोडा, पिस्टनच्या डोक्यानं सेंटीमीटरभर खाली सरळ ढकला आणि तोंडाची फट फीलर गेजनं मोजा. ०.२ ते ०.३५ मिमीच्या आसपास पाहिजे. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकाला टोक भिडून रिंग मोडणार, त्यामुळं बारीक कानशीनं जरा जरा करून वाढवा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या पोर्टकडं. सर्क्लिप, म्हणजे पिस्टनची पिन जागेवर धरणारी क्लिप, कायम नवीन, आणि बसवताना केसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. सर्क्लिप खाचेत गेली की बारीक टक आवाज येतो, तरी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं सगळीकडून दाबून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम, स्क्विश मोजणं, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांच्यात राहणारी फट. दोन मिमी जाडीची सोल्डरची तार घ्या, गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) रेषेत पिस्टनच्या दोन्ही कडांना ग्रीसनं चिकटवा, हेड लावून नट आवळा आणि मॅग्नेट हातानं हळू एक फेरी फिरवा. हेड काढून चेपलेल्या तारेचं टोक व्हर्नियरनं मोजायचं. १.२ ते १.५ मिमी आलं तर चांगलं. एकाच्या खाली आलं तर जाड बेस गॅस्केट टाका, दोनच्या वर गेलं तर कॉम्प्रेशन मिळणार नाही आणि इंजिन उलट जास्त तापतं. हेडचे नट आडवे-उभे थोडे थोडे आवळत दीड ते पावणेदोन किलोग्रॅम-मीटर टॉर्कवर टॉर्क रेंचनं थांबायचं. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर परत एकदा बघायचे.

मॅग्नेट काढायला पुलर वापरा, हातोडा नको, क्रँक वाकतो. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, कंपनीचंच ठेवलं तर किटला ते जास्त ॲडव्हान्स पडतं, ठिणगी लवकर पडते, किक पायाला उलटी बसते आणि पिस्टनचं डोकं भाजतं. १७-१८ डिग्रीवर आणा आणि स्ट्रोब लाईटनं बघा.

जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, मोठ्याकडून लहानाकडं यायचं, उलटं नाही. मेन जेट आधीच्यापेक्षा आठ-दहा नंबर मोठा टाकून सुरू करा. गाडी जरा घुसमटली, धूर जास्त झाला तरी चालतंय, पातळ मिक्श्चरवर मात्र दोन मिनिटांत पिस्टन जातो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय, त्यात ऑक्सिजन असल्यामुळं मिक्श्चर आणखी पातळ होतं, हे पण धरून चला. पेट्रोलची नळी आणि फ्लोटची सुई नवीन टाका. पावसाळ्यात गाडी पडून राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवून ठेवा, इथेनॉल ओल ओढतं.

आता किक. सुरुवातीच्या टाक्यांना लिटरला ३० मिली टू-टी ऑइल, नंतर २०. कॉक चालू करून थोडं थांबा, फ्लोट भरू दे. चोक ओढा, ॲक्सिलरेटर पूर्ण बंद. किक पायानं हळू दाबत कॉम्प्रेशन लागतंय तिथपर्यंत आणा, वर सोडा आणि मग अंगाचं वजन टाकून शेवटपर्यंत एकच पूर्ण किक. अर्ध्या-अर्ध्या किकांनी फक्त प्लग ओला होतो. चालू झाली की अर्ध्या मिनिटात चोक आत. आडवी करून किक मारायची जुनी सवय इथं सोडा, जास्तीचं पेट्रोल क्रँककेसमध्ये साठतं. फ्लड झालीच तर कॉक बंद, चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून चार-पाच किक, तरी नाही तर प्लग काढून वाळवा. प्लग छोट्या थ्रेडचाच, आधी सात नंबरचा असेल तर किटला एक नंबर थंड, बी८एचएस.

चालू झाल्या झाल्या कान रेसकडं ठेवा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस पटकन खाली यायला पाहिजे. वर लटकून राहत असेल तर कुठंतरी हवा खातीय, बेस गॅस्केट, कार्बोरेटरखालचं गॅस्केट नाहीतर मॅग्नेटचं सील. तशीच पळवायची नाही. आणि स्विच बंद करून पण रेस चढतच गेली तर घाबरू नका, चोक पूर्ण ओढा किंवा चौथा गिअर टाकून ब्रेक धरून क्लच सोडा, बंद होते.

पहिले ५०० किलोमीटर फुल ॲक्सिलरेटर नाही, एकाच स्पीडला लांब पण नाही. मग पहाटे मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पाऊण ॲक्सिलरेटर धरा, त्याच रेसवर स्विच बंद करून लगेच क्लच दाबा, बाजूला थांबून प्लग काढा. चॉकलेटी रंग आला तर जेट बरोबर, काळा ओला असेल तर एक नंबर लहान, पांढरट असेल तर लगेच दोन नंबर मोठा.

पन्हाळ्याला चढताना सगळे जपतात, खरा धोका उतरताना आहे. या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळं ॲक्सिलरेटर बंद करून गिअरवर घाट उतरला की रेस असते आणि ऑइल मात्र येत नाही. मधे मधे क्लच दाबून जरा ॲक्सिलरेटर द्या. आणि उतारावर जुन्या ड्रम ब्रेकवर जास्त भार पडतो, तर लायनर, केबल आणि टायर किटच्या आधीच करून घ्या. इंजिनात असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय कायद्यात बसत नाही, विम्याच्या वेळी पण तेच आडवं येतं, त्यामुळं कागदांचं आधी विचारून घ्या.